गाडी पळवली की परवडतं का? ट्रकवाल्यांचे प्रश्न

या खेपेला आलेले बरेचसे प्रश्न फिरून फिरून स्पीड, डिझेल आणि पैसा यावरच आलेत, म्हणून पूर्ण सदर त्यालाच दिलंय. हिशोबात डिझेल सगळीकडं ९० रुपये लिटर धरलंय, तुमच्या पंपावर वेगळं असेल तर तो आकडा टाकून बघा.

प्रश्न: मी चौदा टायरी चालवतो, होटगीहून सिमेंट भरून पुण्याची लाईन. शेठ म्हणलालाय अ‍ॅव्हरेज कमी येलालंय, आणि तोच दर तासाला फोन करून विचारतो कुठवर आलास. हळू चालवलं की ट्रिपा कमी आणि भत्ता कमी, जोरात चालवलं की जास्तीचं डिझेल पगारातून कट. नेमकं किती स्पीडनं चालवू? (एक ड्रायव्हर, सोलापूर)

भाऊ, आधी आकडा सांगतो. भरलेली गाडी चौपदरीवर ६० ते ६५, टॉप गियर आणि आरपीएमचा काटा हिरव्या पट्ट्यात. कायद्यानं चौपदरीवर मालगाडीला ८० पर्यंत मुभा आहे, पण मुभा आहे म्हणून ते परवडतं असं नाही. ६० वरनं ८० वर गेलं की हवेचा रेटा पावणेदोन पटीच्या वर जातो, आणि तो रेटा फोडायला जे डिझेल जळतं त्याचं भाडं कुठली पार्टी, म्हणजे माल देणारं गिऱ्हाईक, देत नाही.

आता टाईमचं बघू. सोलापूर-पुणे अडीचशे किमी धरा, सलग ६५ नं गेलात तर ३ तास ५० मिनिटं आणि ७५ नं गेलात तर ३ तास २०. म्हणजे फरक अर्ध्या तासाचा, तोही रस्ता मोकळा मिळाला तर. समजा ६५ ला गाडी लिटरला ३.६ किमीचं अ‍ॅव्हरेज देते आणि ७५ ला ३.२, तर जवळपास पावणेनऊ लिटर जास्त, म्हणजे पावणेआठशेच्या वर रुपये. एवढे घालून अर्धा तास विकत घ्यायचा आणि पुढं नो एन्ट्रीत नाहीतर गोडाऊनच्या गेटवर तीन तास उभं राहायचं, ह्यात शेठचा पण फायदा नाही आणि तुमचा पण नाही.

पण खरं सांगू का, स्पीडसारखंच बरंच डिझेल ब्रेकमध्ये पण जातं आणि ह्यावर कुणी बोलतच नाही. ४० टनाच्या वर वजन घेऊन ६० नं चाललेली गाडी पूर्ण थांबवली आणि परत ६० ला आणली तर साधारण ४०० मिली डिझेल त्या एका थांब्याला जातं, पस्तीस-छत्तीस रुपये झाले की ओ. मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण, प्रत्येक ठिकाणी कुणीतरी आडवं येणारच, गाळप हंगामात तर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर अचानक पुढं दिसतात, त्यामुळं लांबवर नजर ठेवून आधीच अ‍ॅक्सिलेटरवरचा पाय काढायचा आणि गाडी गियरमध्येच आपोआप हळू होऊ द्यायची. ज्याला हे जमतं तो ड्रायव्हर त्याच गाडीवर, त्याच रस्त्यावर दुसऱ्यापेक्षा चांगलं अ‍ॅव्हरेज काढतो, आणि पोचायला उशीर पण होत नाही कारण तो कमी वेळा थांबतो. टायरची हवा आठवड्याला बघा, टायर थंड असताना. ताडपत्री फडफडत असेल तर आवळून बांधा, तिनं पण हवा अडते. आणि लाईनीत उभं असताना इंजिन बंद ठेवा, मोठं इंजिन नुसतं चालू राहिलं तरी तासाला दोनेक लिटर पितं. मान्य आहे की सोलापूरच्या एप्रिल-मे मध्ये बंद केबिनमध्ये बसणं म्हणजे भट्टी आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकला केबिन एसी सक्तीचा झालाय, तो वापरायला इंजिन चालू लागणार, मग त्या वेळेचं डिझेल ड्रायव्हरच्या नावावर टाकू नका असं मी मालकांना स्पष्ट सांगतो.

राहिला शेठचा प्रश्न. तुम्हाला ट्रिपवर पैसे आणि डिझेलवर कट अशा दोन दोऱ्या बांधल्यात आणि त्या उलट्या दिशेला ओढतायत, त्यात तुमचं काही चुकत नाही. शेठशी बसून बोला, गाडी उभी असताना, फोनवर नको. तीन गोष्टी मागा. अ‍ॅव्हरेज भरलेल्याचं वेगळं, रिकाम्याचं वेगळं आणि लाईनप्रमाणे वेगळं बांधून घ्या, कारण हैदराबादचा सरळ रस्ता आणि आंबा घाट उतरून रत्नागिरीला जाणारा रस्ता ह्यांना एकच आकडा लावणं हा सरळ अन्याय आहे. माप टाकी फुल ते टाकी फुल असावं, अंदाजपंचे नको. दुसरं म्हणजे बांधलेल्या आकड्यापेक्षा डिझेल वाचलं तर अर्धे पैसे तुमचे. आणि तिसरं, गेटवर ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त उभं राहावं लागलं तर हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे, पार्टीकडनं घ्यायचं आणि त्यातला वाटा तुम्हाला मिळायचा. ही तिसरी गोष्ट झाली ना, की रस्त्यावर पळवायची घाई अर्धी आपोआप कमी होते, कारण गेटवर गेलेला वेळच ड्रायव्हर रस्त्यावर भरून काढत असतो.

प्रश्न: उताराला न्यूट्रल मारलं तर डिझेल वाचतं ना? जुने ड्रायव्हर सगळे मारतात. (एक वाचक, मोहोळ)

नाही वाचत. आताच्या कॉमन रेल इंजिनात (डिझेल कॉम्प्युटर सोडतो ते) गियरमध्ये असताना अ‍ॅक्सिलेटर सोडला की डिझेल जायचं बंद होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतं. आणि इंजिनचा ब्रेक गेला की सगळा भार पायाच्या ब्रेकवर येतो, ब्रेकचे लायनर तापतात आणि ब्रेक लागायचाच बंद होतो. तुळजापूरचा घाट असो नाहीतर पुण्यात नवले पुलाकडचा उतार, हे करू नका, मुळीच करू नका. कमी गियर आणि एक्झॉस्ट ब्रेक (धूर अडवून इंजिननंच गाडी हळू करणारा) लावून उतरा.

प्रश्न: माझी स्वतःची एकच दहा टायरी आहे, महिना ६० हजार हप्ता. हैदराबादला माल खाली केल्यावर रिटर्न भाडं फार कमी सांगतात. थांबावं का रिकामं यावं? (गाडीमालक, अक्कलकोट रोड)

दादा, कागदावर मांडा. उभ्या गाडीचा रोजचा खर्च आधी काढा, हप्त्याचे दिवसाला २,०००, ड्रायव्हरचा पगार-भत्ता धरून १,२०० आणि इन्शुरन्स-टॅक्सचे ४०० धरले तर ३,६०० झाले. म्हणजे आज १२ हजार मिळतायत आणि उद्या १५ मिळतील म्हणून थांबलात, तर उद्याचे ३ हजार जास्तीचे मिळूनही ६०० रुपये खड्ड्यात. आजचं घ्या.

रिकामं यायचं की कमी भाड्यात यायचं त्याचा हिशोब वेगळा. ३१० किमी रिकामी गाडी साडेपाचच्या अ‍ॅव्हरेजनं आली तर ५६ लिटर, भरलेली ४ च्या अ‍ॅव्हरेजनं आली तर ७७-७८, फरक १,९०० रुपयांच्या आसपास. टोल तर दोन्हीकडं लागणारच. त्यामुळं हा फरक, हमाली, कमिशन आणि भरायला-खाली करायला जाणारा वेळ धरून वर काही उरत असेल तर कमी भाडं पण चालेल. पण भाडं कमी आहे म्हणून दोन टन जास्त टाकून भरून काढू हा विचार करू नका. ओव्हरलोडला २०,००० दंड आणि वर जास्तीच्या प्रत्येक टनाला २,०००, शिवाय जास्तीचा माल तिथंच उतरवायला लावतात. टायर आणि स्प्रिंगचे पाटे जातात ते वेगळंच.

प्रश्न: माझे मिस्टर सांगोल्याहून डाळिंब घेऊन रात्रीच्या लाईनला जातात. माल वेळेत पोचला नाही तर भाडं कापतात म्हणून झोपतच नाहीत. मी थांबा म्हटलं की म्हणतात तुला धंद्यातलं कळत नाही. (एक ताई, सांगोला)

ताई, तुम्हाला बरोबर कळतंय. फळाच्या मालाला टाईम असतो हे खरं आहे, पण तो टाईम भरायलाच उशीर झाला म्हणून कमी पडतो, रस्त्यावर नाही. दुपारी ४ ला निघायची गाडी ९ ला निघाली तर ते पाच तास कुठल्याच स्पीडनं भरून निघत नाहीत. म्हणून भाडं ठरवतानाच गाडी किती वाजता भरून सुटली ते बिल्टीवर (मालाच्या पावतीवर) लिहून घ्यायचं आणि पोचायची वेळ तिथनं मोजायची, हे मिस्टरांना नक्की सांगा.

दुसऱ्याच्या गाडीवर असलेल्यांना, त्या मालकाकडं पाच किंवा जास्त कामगार असले तर, नोव्हेंबर २०२५ पर्यंत १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा लागायचा, त्यात साधारणपणे दिवसाला ८ तास काम आणि सलग ५ तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती सांगितली होती. आणि स्पीड तोडून पळव असं मालकच सांगत असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ खाली दंड त्याच्यावर पण बसतो, जड गाडीला २ ते ४ हजार.

पहाटे २ ते ५ ही वेळ सगळ्यात वाईट, तेव्हा डोळा लागतो आणि कळत पण नाही. त्याआधी कुठं थांबायचं ते निघतानाच दोघांनी ठरवा, ओळखीचा ढाबा, उजेडातली पार्किंग, वीस-तीस मिनिटांची झोप. चालत्या गाडीत तुम्ही फोन करू नका, तिथं थांबल्यावर तेच करतील असं ठरवून घ्या.