कर्करोगजन्य की कर्करोगजनक?

एका वाचकाचा प्रश्न : फॉर्मल्डिहाइडवरच्या एकाच लेखात हा वायू एकदा 'कर्करोगजन्य' आणि पुढे 'कर्करोगजनक' म्हटला आहे. बरोबर कोणतं? आणि गाठीला 'अर्बुद' म्हणावं का?

'जनक'च. दुग्धजन्य म्हणजे दुधापासून झालेलं, जलजन्य म्हणजे पाण्यातून आलेलं. मग कर्करोगजन्य वायू म्हणजे काय, कर्करोगातून सुटलेला वायू? 2018 मध्ये गोव्यात मासळीतल्या फॉर्मेलिनवरून (म्हणजे पाण्यात विरघळवलेल्या फॉर्मल्डिहाइडवरून) गदारोळ झाला, तेव्हापासून 'कर्करोगजन्य' ऐकून कान किटले आहेत.

1980च्या सुमाराचा अमेरिकेतला प्रयोग घ्या. रॅट आणि माउस या दोन जातींच्या उंदरांना रोज 6 तास, आठवड्याला 5 दिवस, 2 वर्षांपर्यंत या वायूत ठेवलं. 14.3 पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत 14.3 भाग वायू) चाळीस टक्क्यांहून अधिक रॅटना नाकाचा कर्करोग झाला. माउस जातीत जेमतेम दोघांना. रॅट श्वास घेतो तो नाकानेच, आणि हा वायू ओलसर अस्तरात लगेच विरघळतो, म्हणून फुफ्फुसाआधी नाकावर बेतलं. इथे वायू कर्करोगजनक. गाठीने नाक चोंदलं, तर ते चोंदणं कर्करोगजन्य. इतकं सरळ आहे.

खरी मौज 'कार्सिनोजेन' या कर्करोगजनकाच्या इंग्रजी शब्दात आहे. 'जेन' म्हणजे आपल्या 'जन्' धातूचा सख्खा भाऊ. 'कार्सिनो' म्हणजे ग्रीक 'कार्किनोस', खेकडा. त्याचं नातं संस्कृत 'कर्कट'शी. म्हणजे अख्खा शब्द 'कर्कजन'च झाला! 'कर्कट' ग्रीकांकडून राशींबरोबर आला, असं ठोकून देणाऱ्यांनी मज्झिम निकाय हा बौद्धांचा पाली ग्रंथ उघडावा. तिथे गावची पोरं तळ्यातला 'कक्कटक' काठावर ओढून त्याच्या नांग्या मोडतात. त्यात राशी कुठून आली?

रोगाला खेकड्याचं नाव का, यावर सगळे गेलन या प्राचीन ग्रीक वैद्याचं उत्तर घोकतात : गाठीभोवतीच्या फुगलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या दिसतात. मला ते पटत नाही. संस्कृतात 'कर्कर' म्हणजे कठीण. 'कर्कश'मध्येही तोच खरखरीतपणा आहे. माझ्या मते खेकड्याला नाव मिळालं ते कवचावरून, आणि रोगाला खेकडा आठवला तो दगडासारख्या गाठीवरून. वैद्याच्या बोटांना आधी लागतो तो कठीणपणा, शिरा नंतर दिसतात.

अर्बुद? खुशाल म्हणा, सुश्रुताचा शब्द आहे. फक्त प्रत्येक अर्बुदाला कर्करोग म्हणू नका. त्याच प्रयोगातल्या काही रॅटच्या नाकात साध्या, कर्करोग नसलेल्या गाठीही सापडल्या होत्या.