'टू'नंतर आयएनजी: अपवाद म्हणून पाठ करू नका

तुम्ही पोस्टमध्ये लिहिलंय की इंग्रजीत 'लुकिंग फॉरवर्ड टू'च्या पुढे 'मीट' की 'मीटिंग' यात तीन सराव पेपरांत गुण गेले, आणि क्लासमध्ये विचारलं तर "अपवाद आहे, पाठ करा" असं सांगितलं. सहा वर्षांपूर्वी मला अगदी हेच उत्तर मिळालं होतं, म्हणून लिहायला बसले.

प्रीपोझिशन म्हणजे काय हे तुम्हाला येतंच, ते सोडते. घोळ असतो त्याच्या पुढच्या शब्दात. आम्हाला दीडशे प्रीपोझिशनची चार पानी झेरॉक्स दिली होती. 'इन' म्हणजे मध्ये, 'ऑन' म्हणजे वर, 'टू' म्हणजे ला. त्या चार पानांत 'ऑब्जेक्ट' (प्रीपोझिशन ज्याला जोडलेलं असतं ते) हा शब्द एकदाही नव्हता. मी वहीत लाल पेनने चौकट केली: 'टू'नंतर नेहमी व्ही-वन, म्हणजे क्रियापदाचं मूळ रूप. त्या चौकटीने माझं वर्ष खाल्लं. मुख्य परीक्षेत 'ऑब्जेक्ट टू' (हरकत घेणे) आणि 'विथ अ व्ह्यू टू' (-च्या उद्देशाने) असे दोन प्रश्न आले. दोन्हींत कानाला आयएनजीच बरोबर वाटलं, प्रश्नपत्रिकेवर पेन्सिलीने खूणही केली. गोल रंगवायच्या वेळी चौकट आठवली आणि दोन्ही उत्तरं फिरवली. उत्तरतालिका आली तेव्हा कळलं. दीड गुणाने यादीबाहेर राहिले. क्लासमध्ये जाऊन विचारलं, तर सरांनी मानही वर केली नाही. पुढच्या बॅचला तीच झेरॉक्स वाटली, फक्त वरची तारीख बदललेली. अजून राग जात नाही, कारण त्या बॅचमध्ये शेतातलं काम उरकून एसटीने येणारी मुलं होती आणि फी सगळ्यांनी पूर्ण भरली होती.

आता मुद्दा. प्रीपोझिशनचं ऑब्जेक्ट म्हणून नाम येतं, सर्वनाम येतं, नाहीतर नामाचं काम करणारं काहीतरी. क्रियापदाला त्या जागी बसायचं तर आयएनजी लावून नाम व्हावं लागतं. म्हणून 'टू'च्या पुढे 'इट' (it, म्हणजे 'ते') ठेवून बघा. 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू इट' चालतं, म्हणजे हा 'टू' प्रीपोझिशन आहे, पुढे 'मीटिंग'. 'आय डिसायडेड टू इट' चालत नाही, तिथे 'टू' क्रियापदाचाच भाग आहे, पुढे 'मीट'. 'आय युज्ड टू लिव्ह इन पुणे' म्हणजे पूर्वी राहायचे. 'आय ॲम युज्ड टू लिव्हिंग इन पुणे' म्हणजे राहायची सवय आहे. इथेही 'इट'ने निवाडा होतो. ('बट' आणि 'एक्सेप्ट' यांची तऱ्हा थोडी वेगळी आहे, ते या नियमात कोंबू नका.)

माझं ठाम मत आहे की मराठी माध्यमाच्या मुलांना हे जास्त सोपं जायला हवं. आपलं शब्दयोगी अव्यय नामामागून येतं, पण लागताना शब्दाचं रूप बदलायला लावतं. 'घरसमोर' कुणी म्हणत नाही, 'घरासमोर' म्हणतो. 'मीसमोर' नाही, 'माझ्यासमोर'. इंग्रजीत नाम तसंच राहतं, पण सर्वनामांनी ही खोड टिकवली आहे: 'ही'चं 'हिम', 'आय'चं 'मी' (इंग्रजीतलं me). म्हणून 'बिट्वीन यू अँड मी'. 'बिट्वीन यू अँड आय' ऐकायला सभ्य वाटतं, आणि 'यू' दोन्हीकडे सारखंच दिसत असल्यामुळे चूक लपते. चांगलं इंग्रजी बोलणारेही तिथे घसरतात. परीक्षेत मात्र 'मी'च लिहा.

एरर स्पॉटिंगमध्ये, म्हणजे वाक्यातली चूक शोधायच्या प्रश्नात, अजून एक जागा. 'द बॉक्स ऑफ मँगोज' याच्यापुढे 'इज', 'आर' नाही. 'मँगोज' हे 'ऑफ'चं ऑब्जेक्ट, ते वाक्याचा कर्ता होऊ शकत नाही. आपणही 'आंब्यांची पेटी आली' म्हणतो, 'आंब्यांची पेटी आले' म्हणत नाही. 'वन ऑफ द बॉइज इज'चंही तसंच.

वाक्याच्या शेवटी प्रीपोझिशन आलं की आमच्याकडे लाल गोल व्हायचा. इंग्रजी कवी ड्रायडनने 1672 मध्ये या सवयीवर आक्षेप घेतला होता, त्याचं ओझं अजून चालू आहे. 'हूम आर यू टॉकिंग टू' यात ऑब्जेक्ट फक्त पुढे गेलंय, वाक्य बरोबर आहे. तरी औपचारिक पत्रात टाळलेलं बरं, तपासणारा कोण असेल सांगता येत नाही.

मी शिक्षिका नाही, परीक्षा देऊन देऊन जे कळलं ते लिहिलं. तुमच्या पोस्टमध्येच 'डिस्कस अबाउट' आलंय, तेवढं 'अबाउट' काढा. ते आपल्या मराठीतल्या 'बद्दल'वरून आलंय. 'डिस्कस'ला ऑब्जेक्ट थेट लागतं.