कोल्हापूर ते नागपूर रस्त्याने साडेआठशे किलोमीटर, मग रेल्वेने बाराशे कसे?

तुमचा नकाशाही बरोबर आणि रेल्वेचं ॲपही बरोबर. माझी बहीण नागपूरला दिलीय, त्यामुळे दोन्ही वाटा पायाखालच्या आहेत.

सरळ रेघ मारली तर ही दोन शहरं साधारण सातशे किलोमीटरवर. मिरज, सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा हा रस्ता बऱ्यापैकी तिरका जातो, म्हणून साडेआठशेच्या आसपास भागतं. महाराष्ट्र एक्सप्रेस मात्र आधी पुण्याला जाते, मग दौंड, नगर, मनमाड अशी वर चढते आणि तिथून पूर्वेला वळून भुसावळ, अकोला करत वर्ध्याला लागते. दुपारी कोल्हापूर सोडलेला माणूस सकाळी उठतो तो खानदेशात!

याचं कारण जुनं आहे. नागपूरला 1867 साली रूळ पोहोचले ते मुंबईकडून, भुसावळमार्गे, आणि वऱ्हाडातला कापूस त्याच वाटेनं बंदराला जायचा. कोल्हापूर संस्थानाची रेल्वे 1891 ची, ती मिरजेला जोडलेली. या दोन टोकांना एकमेकांशी काही देणंघेणंच नव्हतं. आपण आज तेच तुकडे जोडून जातो.

वेळ म्हणाल तर महाराष्ट्र एक्सप्रेसला नागपूरपर्यंत चोवीस-पंचवीस तास धरा. पहिल्यांदा गेलो तेव्हा रात्री दौंडला गाडी बराच वेळ थांबली, खडखड झाली, आणि निघाली ती उलट्या दिशेनं. समोरच्या आजी घाबरून उठल्या, “अरे, ही परत कोल्हापूरला निघाली काय?” इंजिन दुसऱ्या टोकाला लावलं होतं, एवढंच. त्यांच्या उशाची भडंगाची पिशवी तेवढ्यात खाली सांडली. सकाळपर्यंत बर्थखाली शेंगदाणे वेचत होतो.

आठवड्यातून दोनदा एक गाडी पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर, परभणी, हिंगोली, अकोला अशीही जाते. तिचं अंतर कमी आहे. तारखा जुळल्या तर मी तीच घेतो.

ट्रॅव्हल्सची बस पंधरा-सोळा तासांत नेते, पण रात्रभर पाठ मोडते. साठीच्या पुढच्या माणसाला मी तरी बसमध्ये बसवणार नाही. स्वतःची कार असेल तर काही जण पुणे, संभाजीनगर करून समृद्धी महामार्गाला लागतात. शंभरेक किलोमीटर जास्त पडतात, पण तिथं कारला ताशी 120 ची मुभा आहे. दुचाकीला मात्र समृद्धीवर प्रवेशच नाही, तेव्हा बुलेटवर जायचा बेत असेल तर सोलापूरचाच रस्ता धरा.

आणि आईवडील सोबत असतील तर महाराष्ट्र एक्सप्रेसचं लोअर बर्थ आधीच काढून ठेवा. वाटेत गाडी उलटी निघाली तर घाबरायचं नाही, हे त्यांना निघतानाच सांगा.