तीर्थन नदीवर ट्राउट धरायला फ्लाय न्यावी की गांडूळ? आणि सोडलेला मासा जगतो का?

तुम्ही लिहिलंय की ऑक्टोबरात हिमाचलात बंजारकडे जाताय, गुशैणीच्या आसपास तीर्थन नदीत ट्राउट धरून परत सोडायचाय. सामान कोणतं न्यावं आणि सोडलेला मासा खरंच जगतो का, हे दोन प्रश्न तुम्ही वेगवेगळे विचारलेत. माझ्या मते तो एकच प्रश्न आहे.

सोडायचाच असेल तर गांडूळ नको. हे मी मालवणी माणूस असून सांगतोय. व्हाळावर गांडूळ लावून गरवण्यात माझं अर्धं बालपण गेलं. पण तिथे गरीला लागलेला प्रत्येक मासा तिखल्यातच, म्हणजे कालवणातच जायचा, त्यामुळे तो जगेल का हा प्रश्न कुणाला पडलाच नाही.

गांडूळ हे ट्राउटसाठी खरं अन्न. त्याला संशय येत नाही, तो गिळून मोकळा होतो. तुमच्या हाताला ओढ जाणवते तोवर गळ घशात किंवा त्याच्याही खाली गेलेला असतो. फ्लाय म्हणजे गळावर दोरा आणि पिसं गुंडाळून केलेली खोटी माशी. (माशीने मासा धरायचा, हा विनोद आमच्या घरी फार चालला.) ती तोंडात घेताच फसगत त्याच्या लक्षात येते, तो थुंकायला जातो आणि तेवढ्यात गळ ओठात किंवा जबड्याच्या कोपऱ्यात रुततो. तिथून तो दोन बोटांनी सुटतो. फ्लाय फेकायला जमत नसेल तर स्पिनर, म्हणजे पाण्यात गरगरणारं चकाकतं पातं, चालेल, पण त्याचा तीन काट्यांचा गळ काढून एकेरी लावा. आणि गळ कुठलाही असो, टोकाजवळचा उलटा काटा घरून निघण्याआधीच पक्कडीने दाबून सपाट करा. दोरी ताणलेली ठेवलीत तर मासा तेवढ्याने निसटत नाही.

माझा पहिला ब्राउन ट्राउट मी मारला. सोडायचं ठरवून मारला. हातभर मासा, अंगावर लाल ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडं. मी हरखलो. उन्हाने तापलेल्या दगडावर त्याला ठेवला, शेजारी रॉड मांडला, फोटो काढला, नीट आला नाही म्हणून आणखी दोन काढले. मग नदीत सोडला. तो कुशीवर झाला, पांढरं पोट वर आलं आणि प्रवाहाबरोबर दगडांमधून गडगडत गेला. सोबतचा गावातला पोरगा काही बोलला नाही. फक्त माझ्या कोरड्या हातांकडे बघितलं त्याने.

माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचं जंतूंपासूनचं संरक्षण असतं. कोरडा हात किंवा तापला दगड तो खरवडून काढतो. शिवाय झुंज देऊन दमलेल्या माशाला हवेत धरणं म्हणजे नुकत्याच धावून आलेल्या माणसाचं नाक दाबणं. म्हणून आता मी गुडघाभर पाण्यात उभा राहतो, हात ओले करतो, मासा रबरी जाळीत पाण्यातच ठेवतो आणि तिथेच गळ काढतो. फोटो हवाच असेल तर दहा सेकंदांत, पोटाखाली हात धरून, कल्ल्यांना बोट न लावता. मग त्याचं तोंड प्रवाहाकडे करून नुसता आधार द्यायचा. पुढे-मागे हलवू नका, मागे ओढताना पाणी कल्ल्यांतून उलटं जातं. तो स्वतः शेपटी मारून हातातून निघेपर्यंत थांबायचं, मग मिनिट लागो की पाच. गळ चुकून खोल गेलाच तर उपसत बसू नका. दोरी गळाच्या जवळून कापा. ओढून काढण्यापेक्षा आत राहिलेल्या गळासह मासा जगण्याची शक्यता बरीच जास्त असते.

खिशात छोटा थर्मामीटर ठेवा. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू घटतो: समुद्रसपाटीला १० अंशांवर लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम मावतो, २० अंशांवर ९ च. ट्राउटची गरज मात्र गरम पाण्यात वाढते. पारा १९-२० वर गेला तर रॉड गुंडाळा. ऑक्टोबरात तीर्थनवर हा प्रश्न सहसा येत नाही, पावसाचा गढूळपणाही निवळलेला असतो. महिना तुम्ही छान निवडलाय. फक्त ३१ तारखेच्या आत उरका. १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउटच्या विणीसाठी बंदी असते. मादी तळच्या बारीक खडीत खळगा करून अंडी घालते, त्यामुळे अशा खडीवरून चालणंही टाळा. मत्स्यव्यवसाय विभागाचा परवाना आधी काढा आणि काढतानाच आमिषाचे, संख्येचे, लांबीचे नियम विचारून घ्या.

कोणती फ्लाय, हे दुकानदारापेक्षा नदीला विचारा. काठचा एक दगड उलटा करा. खाली बारीक वाळूच्या नळीत बसलेल्या अळ्या दिसतील. त्या रंगाची, त्या आकाराची निंफ (अळीसारखी दिसणारी, बुडणारी फ्लाय) तळाजवळून वाहू द्या. संध्याकाळी पाण्यावर वर्तुळं उठू लागली की तरंगती ड्राय फ्लाय लावा.

आता एक गंमत. ज्याला आपण एवढं जपून सोडतो, तो तिथला मूळचा नव्हेच. इंग्रजांनी १९०० च्या सुमारास ब्राउन ट्राउटची अंडी काश्मिरात आणली आणि तिथून १९०९ मध्ये तो कुल्लूत आला. म्हणून नियमात बसणारा एखादा मासा कुणी खाल्ला तर मी नाक मुरडत नाही. पण निव्वळ जेवणासाठीच हवा असेल तर खोऱ्यात पाळलेला रेनबो ट्राउट मिळतो, तो घ्या. सोलं तेवढी घरून न्या.