भाजलेलं दुखत नाही, म्हणजे बरं होतंय का?

प्रश्न : सासूबाईंच्या मनगटावर काल उकळती पेज सांडली. कडेला फोड आलेत, तिथं फार आग होते. मधला रुपयाएवढा भाग मात्र पांढरट असून तिथं काहीच दुखत नाही. तो बरा होतोय ना? – वाचक, वाळपई

उत्तर : नाही. उलट तोच भाग सर्वांत खोल भाजला असण्याची शक्यता आहे. आजच डॉक्टरांना दाखवा.

फक्त वरची त्वचा भाजली तर ती लाल, कोरडी होते, चुरचुरते. त्याखालचा थर भाजला की पाणी धरलेले फोड येतात, आतली त्वचा गुलाबी, ओलसर दिसते आणि दुखणं असह्य होतं. स्वच्छ हातानं फोडाशेजारी हलकं दाबून सोडा: पांढरी झालेली जागा लगेच पुन्हा लाल झाली, तर रक्तपुरवठा शाबूत आहे. रंग परतत नसेल, त्वचा पांढरी, तपकिरी किंवा चामड्यासारखी असेल, तर वेदना नेणाऱ्या नसाच जळालेल्या असतात. म्हणून दुखत नाही. सावळ्या त्वचेवर लाली चटकन कळत नाही, तिथं स्पर्श आणि ओलसरपणावरून ठरवा. सासूबाईंना मधुमेह असेल तर दुखण्यावर मुळीच विसंबू नका.

पेज पाण्यासारखी ओघळून जात नाही, चिकटून राहते, म्हणून खोल भाजते. अशा वेळी ती लगेच धुऊन टाकावी आणि नळाच्या वाहत्या पाण्याखाली हात 20 मिनिटं धरावा. पहिल्या 3 तासांत याचा उपयोग होतो. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप काहीही नको. फोड फोडू नका. बांगड्या अजून हातात असतील तर आत्ता काढा, सूज चढली की त्या रुततात. बोटं गार, निळसर किंवा बधिर वाटली तर 108 ला फोन करा.

प्रश्न : काजूबिया सोलताना सालीचं तेल हाताला लागतं, दुसऱ्या दिवशी फोड येतात. हे भाजणंच का? – वाचक, डिचोली

उत्तर : हो, रासायनिक. कच्च्या सालीतलं तेल दाहक असतं. खाज, लाली, फोड उशिरा येतात, त्यामुळे लागल्याबरोबर साबण-पाण्यानं धुवा, कपडेही बदला. हातमोजे घालूनच सोला आणि तो हात तोंडाला लावू नका. डोळ्यात गेलं तर 20 मिनिटं वाहत्या पाण्यानं धुऊन थेट रुग्णालयात जा.