रविवार शाळेच्या नव्या शिक्षकांची तयारी: एका दिवसाचे शिबिर पुरेल का?

आपल्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, रविवार शाळेची (जिथे मुलांना बायबल शिकवले जाते) जबाबदारी नव्याने आपल्यावर आली आहे, आठ शिक्षकांपैकी दोघांनीच पूर्वी शिकवले आहे, आणि शाळा सुरू होण्यापूर्वी एक दिवसाचे प्रशिक्षण शिबिर घेतले तर पुरेल का, असे आपण विचारले आहे. मी चौदा वर्षे रविवार शाळेत शिकवले आणि त्यानंतर शिक्षकांची तयारी करून घेण्याचे काम केले. त्या अनुभवावरून सांगतो की शिबिर अवश्य घ्या, पण सारी भिस्त त्यावर ठेवू नका. शिबिराने उत्साह येतो, एकमेकांची ओळख होते, वह्या भरतात. शिकवण्याचे कसब मात्र दुसऱ्याला शिकवताना पाहून, स्वतः वर्गासमोर उभे राहून आणि नंतर कोणीतरी आपुलकीने पण स्पष्टपणे चुका दाखवल्यानेच अंगी बाणते.

बायबलच्या नव्या करारातील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या अध्याय 18 मधला अपुल्लोस आठवा. तो वक्ता होता, शास्त्रात प्रवीण होता, आवेशाने शिकवत होता. पण त्याला केवळ योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता, म्हणजे त्याचे ज्ञान अपुरे होते. प्रिस्किल्ला आणि अक्विला यांनी त्याला सभास्थानात सर्वांदेखत अडवले नाही, तर आपल्याकडे नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला. शिक्षक घडवण्याची याहून चांगली रीत मला तरी सापडलेली नाही.

म्हणून माझी सूचना अशी की, दोन्ही अनुभवी शिक्षकांच्या हाताखाली प्रत्येकी तीन नवे शिक्षक द्यावेत. पहिले चार रविवार नव्या शिक्षकाने वर्गात नुसते बसावे, आणि तेही भिंतीला टेकून नव्हे, तर मुलांमध्ये. पुढचे चार रविवार त्याने पाठाचा एखादाच भाग घ्यावा, गोष्ट किंवा वचनाचे पाठांतर. त्यानंतर पूर्ण पाठ घ्यावा आणि अनुभवी शिक्षकाने मागे बसावे. याची किंमत मोजावी लागेल हेही सांगून ठेवतो: पहिले तीन महिने आपल्याला दोनच वर्ग चालवता येतील, वेगवेगळ्या वयाची मुले एकत्र बसतील आणि काही पालक कुरकुर करतील. ती कुरकुर सोसण्याजोगी आहे.

मागे बसून नेमके काय पाहायचे, याचे एक उदाहरण देतो. एक नव्या शिक्षिका जक्कयाची, म्हणजे लोकांनी दूर लोटलेल्या जकातदाराची, गोष्ट फार रंगवून सांगत होत्या. गोष्ट संपल्यावर त्यांनी विचारले, "एवढ्या गर्दीत येशूने त्यालाच का हाक मारली असेल?" मी मनात आकडे मोजत होतो. दोन म्हणेपर्यंत त्यांनी स्वतःच उत्तर देऊन टाकले. पुढच्या प्रश्नालाही तेच झाले, त्याच्या पुढच्यालाही. वर्ग सुटल्यावर मी त्यांना कागदावरच्या खुणा दाखवल्या: प्रश्न अकरा, मुलांची उत्तरे तीन. बाकी काहीच बोललो नाही. पुढच्या रविवारी त्यांनी तोच प्रश्न उजळणीला घेतला आणि ओठ घट्ट मिटून थांबल्या. शांतता इतकी लांबली की मलाच अवघडल्यासारखे झाले. मग एरवी खिडकीबाहेर पाहत बसणारा एक मुलगा म्हणाला, "कारण त्याच्याशी कोणीच बोलत नसणार." पाठपुस्तकात हे उत्तर नव्हते.

दुसरी गोष्ट आठवड्याच्या तयारीची. सर्व शिक्षकांनी आठवड्यातून एकदा तासभर एकत्र बसावे, आणि पाठपुस्तक उघडण्यापूर्वी मूळ उतारा वाचावा. शक्य तर मोठ्याने, दोनदा. हा उतारा कोणाला उद्देशून आहे, त्यात मला स्वतःला काय कळले नाही, आणि मुले कशावर अडतील, एवढे तीन प्रश्न पुरतात. पाळकसाहेबांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, पहिली वीस मिनिटे यावे, पार्श्वभूमी सांगावी आणि मग उठून जावे. ते बसून राहिले की शिक्षक गप्प होतात, हा माझा अनुभव आहे. मुलांच्या प्रश्नाला "मला माहीत नाही, शोधून पुढच्या रविवारी सांगतो" असे म्हणण्याची मोकळीक शिक्षकांना याच बैठकीत मिळायला हवी. मात्र मग पुढच्या रविवारी खरोखर सांगायला हवे.

आशयातला सर्वात मोठा दोष म्हणजे प्रत्येक गोष्टीचा शेवट "म्हणून आपण चांगले वागावे" असा करणे. दावीद आणि गल्याथ म्हणजे धैर्याचा पाठ, योना म्हणजे आज्ञापालनाचा, असे ठरून गेले की शास्त्रातून देव बाजूला पडतो आणि उरते ती केवळ बोधकथा. या उताऱ्यात देव काय करतो, हे आधी शोधण्याची सवय शिक्षकांना लावा.

सर्व वर्गांना एकच उतारा ठेवावा का, हा प्रश्न आपल्यापुढेही येईल. अमेरिकेत 1872 साली सर्व वयोगटांसाठी एकच पाठ ठरवणारी मालिका स्वीकारली गेली. त्यामुळे शिक्षकांना एकत्र तयारी करणे सोपे झाले, पण लहान मुलांच्या वाट्याला न झेपणारे उतारे येऊ लागले, आणि 1908 साली वयानुसार श्रेणीबद्ध पाठांना मान्यता द्यावी लागली. आपले सहा शिक्षक नवे असल्यामुळे पहिले वर्ष एकच उतारा ठेवणे मला सोयीचे वाटते; मात्र नव्या करारातील पौलाच्या पत्रांऐवजी शुभवर्तमानांतील, म्हणजे येशूच्या चरित्राच्या पुस्तकांतील, गोष्टी निवडाव्यात.

साहित्याची फार चिंता करू नका. प्रत्येकाकडे मंडळीत वाचले जाते त्याच भाषांतराचे पवित्र शास्त्र, पाठपुस्तक निदान महिनाभर आधी हातात, हजेरीपट, आणि खडू, कागद, रंग ठेवायला किल्लीचे एक कपाट, एवढे असले की काम चालते. मुलांच्या सुरक्षिततेबाबत मात्र सवलत नको: कोणत्याही वर्गात एकटा प्रौढ असू नये, दार बंद करून कोणी बसू नये, आणि मंडळीत नुकत्याच आलेल्या व्यक्तीकडे, ती कितीही उत्साही असली तरी, लगेच वर्ग सोपवू नये. हे नियम लेखी करून सर्वांकडून, अगदी वडीलधाऱ्यांकडूनही, सही घेऊन ठेवा.

शेवटी, आपल्या प्रश्नात नसलेले एक सांगतो. रविवार शाळा आणि उपासना एकाच वेळी भरत असतील, तर शिक्षक महिनोन्‌महिने उपदेश ऐकत नाहीत, प्रभुभोजनालाही मुकतात, आणि वर्षभरात एकेक जण काहीतरी कारण सांगून गळू लागतो. आठ जण तयार झाले की एका वेळी सहाच शिक्षकांना वर्ग द्या, उरलेल्या दोघांना तीन महिने उपासनेत बसू द्या, आणि पाळी कोणाची हे वर्षाच्या सुरुवातीलाच तक्त्यावर लिहून टाका, म्हणजे विश्रांती मागायचा संकोच कोणालाच राहणार नाही.