बाईक घेण्याआधी एक सीझन कुंपणाशी उभा राहा

अरे, तुझा मेसेज वाचला. इंग्लंडला कॉव्हेंट्रीत येऊन चार महिने झाले नाहीत तोवर सेकंडहँड स्पीडवे बाईक, म्हणजे मातीच्या लंबगोल ट्रॅकवरच्या शर्यतीची बाईक, बघून ठेवलीस आणि मला विचारतोयस काका घेऊ का. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते हेच. नको घेऊस. कधीच नको असं नाही म्हणत, आत्ता नको. आणि हे व्हॉइस नोटवर सांगून तुला पटणार नाही हे माहितीये म्हणून सविस्तर लिहितोय, कॉलेजच्या बसमध्ये वाच.

आधी रुक्ष भाग उरकून टाकतो. तू स्टुडंट व्हिसावर आहेस आणि त्या व्हिसावर प्रोफेशनल खेळाडू म्हणून काम करता येत नाही, हे स्वच्छ लिहिलेलं असतं. स्पीडवेत रायडरला प्रत्येक पॉइंटमागे पैसे मिळतात, म्हणजे उद्या चुकून तू चांगला निघालास तरी पंचाईत. हौस म्हणून ट्रेनिंग वेगळं, पण तेही तुझ्या युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारल्याशिवाय नाही. लेखी विचार, तोंडी नको. आणि आईला सांगितलंयस का? नसेल तर मी सांगणार नाही, पण तू सांग.

आता बाईक. तू पुण्यात पल्सर चालवलीस, ताम्हिणीत चालवलीस, म्हणून तुला वाटतंय जमेल. हे यंत्रच वेगळं आहे रे. ५०० सीसीचं एकच सिलिंडर, गिअर एकच, आणि ब्रेक नाही. पुढचा नाही, मागचाही नाही. वजन जेमतेम ७७ किलो आणि वर कंप्रेशन इतकं की क्लच सोडला की पुढचं चाक आभाळात. डाव्या बुटाखाली लोखंडी तळ बांधलेला असतो, वळणावर तो पाय जमिनीवर घासत जातो, हँडल उजवीकडे वळवलेलं आणि बाईक मात्र डावीकडे चाललेली. पहिल्यांदा बघताना सगळ्यांना वाटतं की हा आता पडणार. पण पडतो तो थ्रॉटल सोडणारा. मागचं चाक फिरत राहिलं पाहिजे, घसरत राहिलं पाहिजे, त्या घसरण्यानेच वेग आटोक्यात राहतो. मधेच घाबरून थ्रॉटल बंद केलास की चाकाला एकदम पकड मिळते, बाईक सरळ होते आणि तुला घेऊन थेट कुंपणात. तुझा हात आजवर जे शिकलाय ते सगळं इथे उलटं आहे आणि ते चांगल्या रायडरला सुद्धा चटकन विसरता येत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की आधी ट्रॅक वाचायला शिक. चालवणं त्याच्या नंतर.

मी ऐंशीच्या थोडा आधी इथे आलो तेव्हा शनिवारी रात्री ब्रँडनला जायचो. तुझ्या हॉस्टेलपासून ते स्टेडियम बसच्या अंतरावर आहे. तेव्हा तिथल्या कॉव्हेंट्री बीज या टीमचा दबदबा होता, १९७८ आणि १९७९ ला लागोपाठ लीग जिंकलेली आणि कॅप्टन ओले ओल्सन, डेन्मार्कचा, तीन वेळचा वर्ल्ड चॅम्पियन. माझ्या शिफ्टमधले लोक मला घेऊन गेले. पहिल्या दिवशी मी फक्त आवाज ऐकला आणि धूळ खाल्ली, कोण जिंकलं तेही कळलं नाही, एक रेस संपते एका मिनिटात, चार रायडर, चार फेऱ्या, खेळ खलास. आपल्या जुन्नर-मंचरकडच्या बैलगाडा शर्यतीसारखंच, डोळ्याची पापणी लवली की गाडा घाटाच्या वर आणि मागे नुसता धुरळा, आणि तरी तिथला म्हातारा माणूस तुला सांगू शकतो की तिसऱ्या बारीचा गाडा कुठे हुकला. तसे म्हातारे ब्रँडनला तिसऱ्या वळणावर उभे असायचे. हातात छापील प्रोग्रॅम, कानावर पेन.

त्यांच्याकडून मी बघायला शिकलो. ट्रॅकवर टाकतात ती मुरमासारखी बारीक कच असते, त्याला शेल म्हणतात, मीटिंग, म्हणजे त्या रात्रीच्या शर्यती, सुरू होण्याआधी पाणी मारून ट्रॅक्टरने सारखी करतात. पहिल्या दोनतीन हीटला, म्हणजे रेसना, आतली कड पकडून गेलं की काम होतं. मग प्रत्येक वळणाला चार मागची चाकं ती कच उडवत बाहेर ढकलतात, आतला पट्टा गुळगुळीत होत जातो आणि सगळा माल कुंपणाच्या बाजूला साठतो. जिथे माल तिथे पकड. मग सातव्या आठव्या हीटपासून एखादा रायडर लांबचा रस्ता धरतो, कुंपणापासून हातभर, आणि बघता बघता आतून जाणाऱ्या दोघांना बाहेरून मारतो. नवख्याला वाटतं काय डेअरिंग आहे! डेअरिंग आहेच, पण त्या माणसाने आधीच्या हीट संपल्यावर परत येताना जमीन बघितलेली असते. ट्रॅक्टर फिरला, पाणी मारलं की हिशोब परत नव्याने.

तसंच गेटचं, म्हणजे सुरुवातीला उभं राहायच्या जागेचं. चार गेट, समोर टेप, रेफरीने बटण दाबलं की टेप वर. टेपला आधी शिवलास की बाद. त्याआधी दोन मिनिटं मिळतात त्यात रायडर बुटाने आपल्या गेटची माती उकरत, दाबत बसतो, लोक त्याला बागकाम म्हणून हसतात, पण पहिल्या वीस मीटरमध्ये जो पुढे तो बहुतेकदा शेवटपर्यंत पुढे, म्हणून ते बागकाम फार गंभीर असतं. तू प्रोग्रॅम विकत घे आणि नुसते पॉइंट भरू नकोस, शेजारी लिही की कुठल्या गेटवरून कोण आला आणि पहिल्या वळणाला आत होता की बाहेर. पंधरा हीट असतात. पाचसहा मीटिंगचे असे कागद साठले की ते घेऊन माझ्याकडे ये, मग आपण बाईकचं बोलू.

हे ऐकून तुझं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं असणार. तर ऐक, एरंडेलाचाच वास यायचा तिथे. मिथेनॉलवर इंजिन चालतं आणि साधं तेल त्यात नीट मिसळत नाही म्हणून एरंडेलाचं रेसिंग ऑइल वापरायचे, तो जळका गोडसर वास नाकात बसला की माणूस कामातून गेला. मिथेनॉल म्हणजे आपल्याकडे विषारी दारूच आठवते, २०१५ ला मालवणीत शंभरच्या वर माणसं त्याने गेली. इथे ते कॅनमध्ये उघड्यावर ठेवलेलं असतं. पिट्समध्ये, म्हणजे बाईका तयार करतात त्या जागी, गेलास तर हातमोजे घाल आणि एक लक्षात ठेव, ते पेटलं तर दिवसाउजेडी ज्वाळा जवळपास दिसत नाही.

आयव्हन मॉगरचं नाव तू ऐकलं नसणार. न्यूझीलंडचा. १९५७ ला सतराव्या वर्षी लंडनला आला, विम्बल्डनच्या स्पीडवे ट्रॅकवर पडेल ते काम केलं, रेस जवळजवळ मिळाल्याच नाहीत, गुपचूप घरी परत गेला. दुसरा असता तर तिथेच विषय संपला असता. हा १९६३ ला न्यूकॅसलकडून परत आला आणि पुढे सहा वेळा वर्ल्ड चॅम्पियन झाला, त्यातले तीन लागोपाठ, १९६८, ६९, ७०. दोन अमेरिकन चाहत्यांनी पैज लावल्यासारखं सांगितलेलं की तिसरं जिंकलास तर बाईकला सोन्याचा मुलामा देऊ, आणि दिला! पण लोकांना सोनं आठवतं, मला त्याची तयारी जास्त महत्त्वाची वाटते. त्याच्याहून धाडसी रायडर त्या काळात होते. त्याच्याइतका तयारीचा माणूस नव्हता, बाईकचा एक एक नट, गेटवरची एक एक हालचाल ठरवलेली. आणि हा ओल्सन, माझा ब्रँडनचा हिरो, मॉगरच्याच ट्रेनिंग स्कूलमध्ये घडलेला. १९७१ ला गोटेबोर्गला फायनलमध्ये त्याने एकही रेस न हरता गुरूलाच मागे टाकलं.

नशीब नसतंच असं मात्र समजू नकोस. १९७३ ला पोलंडमध्ये खोझूफच्या स्टेडियममध्ये लाखाच्या वर माणसं आणि मॉगरची टायब्रेकची रेस कोणाशी, तर येर्झी श्चाकिएल म्हणून एका पोराशी, ज्याला त्या दिवशी सकाळी कुणी धरलंही नव्हतं. मॉगर ओव्हरटेक करायला गेला आणि पडला. श्चाकिएल पोलंडचा पहिला चॅम्पियन झाला आणि पुन्हा कधी त्या उंचीवर दिसला नाही. मी हे नुसतं वाचलंय आणि जुन्या फिल्मवर बघितलंय, तरी दर वेळी वाटतं आता मॉगर थांबेल.

आता जे तू मेसेजमध्ये एका ओळीत उडवलंस, रिस्क तर सगळीकडेच असते म्हणून. असते. पण नीट नावं घेऊन बघ. पीटर क्रेव्हन, मँचेस्टरच्या बेल व्ह्यू टीमचा, लहानखुरा, दोनदा वर्ल्ड चॅम्पियन, बॅलन्सचा जादूगार म्हणायचे त्याला, १९६३ ला एडिनबरोत पुढे पडलेल्या रायडरला वाचवायला गेला आणि त्यातच गेला. एरिक गुंडरसन, तीनदा चॅम्पियन, १९८९ ला ब्रॅडफर्डला वर्ल्ड टीम कपच्या फायनलमध्ये पहिल्याच हीटच्या पहिल्याच वळणावर चौघे एकमेकांत अडकले, जगला, पण चालायला परत पहिल्यापासून शिकावं लागलं आणि रेसिंग तिथेच संपलं. डार्सी वॉर्ड, ऑस्ट्रेलियाचा, इतका नैसर्गिक रायडर क्वचित होतो, २०१५ ला पोलंडमध्ये पडला, आता व्हीलचेअरवर. तोमाश गोलोब, २०१० चा चॅम्पियन, तर २०१७ ला मोटोक्रॉसमध्ये पडून, तोही व्हीलचेअरवर. हल्ली वळणांवर हवा भरलेलं एअर फेन्स असतं, मनगटाला दोरी बांधतात, पडलास की ती सुटते आणि इंजिन बंद, फार फरक पडलाय, पण ही माणसं शिकाऊ नव्हती एवढं लक्षात घे. वळणावर चौघे एकत्र शिरतात आणि कोणाकडेच ब्रेक नाही, यावर कुठलं एअर फेन्स पूर्ण उपाय होणार?

पैशाचं म्हणशील तर इथे रायडर आपापल्या बाईका स्वतः घेतो, मेकॅनिक स्वतः ठेवतो, व्हॅन स्वतःची. खरा पैसा पोलंडमध्ये आहे, तिथे हा खेळ गावागावाचा अभिमान आहे, त्यामुळे मोठे रायडर एकाच आठवड्यात इंग्लंड, स्वीडन, पोलंड असं पळत असतात. बार्तोश झ्मार्झलिक बघ, मॉगरची सहा टायटल्सची बरोबरी केलेला. त्याचेच व्हिडिओ बघ पण बॉल बघतात तसे नको, त्याचं डोकं कुठे वळलंय ते बघ. २०२३ ला डेन्मार्कमध्ये क्वालिफायिंगला चुकीचा रेस सूट घातला म्हणून त्याला त्या दिवसापुरतं बाद केलं होतं! चॅम्पियनशिप हातची जाता जाता राहिली, शेवटच्या राउंडला तोरुनमध्ये जिंकला. इतका मोठा माणूस आणि कपड्यावरून. सांगायचं कारण, हा खेळ असल्या बारीकसारीक गोष्टींचा आहे.

आणि एक, घाई करायचीच असेल तर बघण्याची कर. ब्रँडनला २०१६ च्या सीझननंतर रेस झाली नाही, बसने जाऊन बघशील तर आता पडीक अवस्था दिसेल. वुल्व्हरहॅम्प्टनला मॉनमोर ग्रीनवरचं स्पीडवे २०२३ ला बंद पडलं. लेस्टरचं जुनं ब्लॅकबर्ड रोड १९८३ मध्येच संपलं, तिथे घरं झाली. लंडनला कस्टम हाऊसला वेस्ट हॅमचा ट्रॅक होता, तिथेही घरं, फक्त गल्ल्यांना जुन्या लोकांची नावं दिलीयत. हॉस्किन्स क्लोज आहे, ज्या जॉनी हॉस्किन्सने १९२३ ला ऑस्ट्रेलियात मेटलंडच्या जत्रेच्या मैदानावर ह्या रेसिंगचा जम बसवला त्याच्या नावाने. क्रूम्ब्स रोड आहे, तिथल्या रायडरच्या नावाने. लोक तिथे कुरिअर घेऊन जातात, कोणाला पत्ता नाही हा कोण ते. स्टेडियमची जमीन महाग झाली, प्रेक्षक म्हातारे झाले, आवाजाच्या तक्रारी आल्या, कारणं सगळीकडे तीच. मला त्यात नुसतं बिल्डरला शिव्या देणं पटत नाही, आम्हीच आमच्या पोरांना सोबत नेलं नाही.

लेस्टरला मात्र २०११ ला ब्यूमाँट पार्कला नवीन ट्रॅक झाला, तुला तोच सोयीचा. काम असं कर. दोनेक मीटिंग नुसत्या बघ. मग मी ओळखीच्या एका मेकॅनिकशी बोलतो, पिट्समध्ये हाताखाली पोरगं लागतंच. पहिले आठवडे तू फक्त बाईक धुशील. मग टायर उलटा करायला शिकवतील, कारण झिजते एकच बाजू. मग दोन हीटच्या मध्ये मागच्या स्प्रॉकेटचे, म्हणजे चेनच्या दातेरी चाकाचे, दात कमीजास्त का करतात ते कळेल, तू मेकॅनिकलचा आहेस, हिशोब तुला कागदावर सुटेल, पण रायडर येऊन नुसतं म्हणतो "ओढत नाहीये" आणि त्यावरून काय बदलायचं ते चार मिनिटांत ठरवायचं असतं. ते जमायला लागलं की ट्रेनिंगचा एक दिवस घेऊ, भाड्याची बाईक, भाड्याचा लोखंडी बूट, तुझा स्वतःचा पैसा एक पेनीही बाईकमध्ये नाही. त्यानंतरही हवीच वाटली तर मी स्वतः तुझ्याबरोबर बाईक बघायला येतो, इंजिनचा आवाज ऐकल्याशिवाय कोणी सौदा करू नये.

येताना पांढरं काही घालू नकोस, तिसऱ्या वळणावर कच थेट अंगावर येते. चष्मा घालतोस ना, वरून साधा प्लॅस्टिकचा गॉगल आण. जॅकेट जाड, इथे मे महिन्यातही रात्री थंडी मरणाची. पेन दोन आण, एक मला लागेल. आणि त्या बाईकवाल्याला आजच कळव की नको म्हणून, उगाच बिचाऱ्याला लटकवून ठेवू नकोस.